चार हातांचं काम

जुन्या सौर पॅनेलची चौकट एकट्या माणसाला निघत नाही. खोटं वाटत असेल तर काढून बघावी कुणीही. एका टोकाला पटाशी घालून उचकटायला जावं तर दुसरं टोक टेबलावरून उठतं, काच कलते, आणि बघता बघता अख्ख्या काचेचा भुगा होऊन तो पायांवर सांडतो. म्हणून त्या कारखान्यात चौकटीच्या टेबलाशी दोन माणसं समोरासमोर उभी करत. एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने उचकटायचं. मग त्याने धरायचं आणि याने उचकटायचं. चारी बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या निघाल्या, मागची तारांची डबी सुटली, की उरलेलं पॅनेल भट्टीच्या खोलीत जाई. तिथे तापवून काच सोलत, आतल्या निळ्या-काळ्या चकत्या वेगळ्या करत, आणि त्या चकत्यांवरच्या केसाएवढ्या रेघांमधली चांदी शेवटच्या खोलीत आम्लात धुऊन काढत. चांदीच्या खोलीतल्या लोकांचा रुबाब विचारू नका. पण मुळात चौकटच निघाली नाही तर चांदी काय आभाळातून पडणार होती? असं चौकटवाल्यांचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

तर चौकटवाल्यांमधली सगळ्यांत तरबेज जोडी म्हणजे दाजी आणि मेहुणे. ही काही त्यांची नावं नव्हेत. दाजी ते खरं तर एकाच माणसाचे, टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे. त्याची थोरली बहीण दाजींना दिलेली. तिनेच नवऱ्याच्या मागे भुणभुण लावून धाकट्या भावाला या कारखान्यात चिकटवलं होतं. पहिल्या दिवशी तो शेडच्या दारातूनच "दाजी, आलो बरं का!" असा ओरडला, आणि मुकादमापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी ते नाव उचललं. मग ओघानेच तो सगळ्यांचा मेहुणे झाला. आता गंमत अशी की सगळं जग दाजींना दाजी म्हणे, फक्त ज्याचा तो हक्क होता तो एकटा म्हणत नसे. तो काहीच म्हणत नसे. बहीण गेल्यापासून दोघांमध्ये अबोला होता. दिवसभर हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहून दोघांनी तो कित्येक वर्षं निगुतीने सांभाळला होता.

घडलं होतं ते एवढंच. मेहुण्यांच्या बायकोचं बाळंतपण जरा नाजूक होतं, म्हणून ते रजा टाकून तिच्या माहेरी, लांबच्या गावी गेले होते. नेमका तेव्हाच इथे बहिणीला ताप भरला. साधाच वाटला. दाजी फोन करायला निघाले तर तिने त्यांचा हात धरला. म्हणाली, "त्याला कळवू नका. तिथं आधीच त्यांच्या जिवाला घोर आहे. मी बरी झाले की मीच जाऊन त्याचा कान धरते, बहिणीची साधी चौकशी केली नाहीस म्हणून." दाजी नाकासमोर चालणारे, त्यांनी ऐकलं. लग्न झाल्यापासून ते तिचं ऐकतच आले होते आणि त्यात त्यांचं कधी काही बिघडलं नव्हतं. ताप मात्र साधा निघाला नाही. मेहुणे येऊन पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, आणि कोपऱ्यात तिच्या चपला तेवढ्या होत्या.

मेहुण्यांनी विचारलं, "मला का नाही कळवलंत?" उत्तर दाजींच्या ओठांवर होतं. पण तिनंच नको म्हटलं, असं म्हणायचं म्हणजे जी आता उलटून बोलू शकत नाही तिच्यावर खापर फोडायचं. ते त्यांच्याच्याने होईना. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. मेहुण्यांनी पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं, मग रडत विचारलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. नका बोलू. मग माझ्याकडूनही शब्द ऐकायला मिळणार नाही." आणि मेहुणे शब्दाचे पक्के निघाले.

कामाचं मात्र काही अडलं नाही. माणूस सोयीचं शोधून काढतोच. या दोघांनी पटाशीच्या मुठीने चौकटीवर ठोकून बोलायची एक भाषा बसवली, म्हणजे ती आपोआपच बसली. एक ठोका म्हणजे माझं झालं, तू कर. दोन ठोके म्हणजे थांब. बस्स, एवढ्यावर संसार. पहिल्यापहिल्यांदा शेडमधले लोक हसले. मुकादम म्हणे, "अळीमिळी गुपचिळी! बाकीच्या टेबलांवर गप्पा मारतात आणि काचा फोडतात. तुमच्यासारखा अबोला सगळ्यांनाच लावून द्यायला पाहिजे." एकदा त्यानेच भल्यासाठी विचारलं होतं, की जोड्या बदलून देऊ का. दोघांनीही मान खाली घातली. हो कुणीच म्हणालं नाही. मुकादम पोक्त माणूस, त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

दाजींचं घर म्हणजे जिन्याखालची दोन खोल्यांची जागा. संध्याकाळी कुलूप काढून आत शिरलं की आधी ते रेडिओ लावत, बातम्या असोत की शेतमालाचे भाव असोत. कुणीतरी बोलत असलं म्हणजे झालं. मग एका माणसाचा स्वयंपाक, एका माणसाची भांडी. रविवार त्यांना मुळीच आवडत नसे. रविवारी मुद्दाम उशिरा उठावं, कपडे भिजवावे, दुपारी उगीच बाजारातून चक्कर मारावी, तरी दिवस आपला तसाच समोर बसून राही. सोमवारी सकाळी टेबलापलीकडे मेहुण्यांचा तो रागीट, बहिणीसारखाच रुंद कपाळाचा चेहरा दिसला की दाजींना बरं वाटे. तिला ओळखणारं एवढंच एक माणूस आता त्यांच्या रोजच्या जगण्यात उरलं होतं. तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल दाजी कुणापाशीही बोलले नव्हते. बोलणार कुणापाशी? ज्याला ते ऐकायचा हक्क होता तो समोरच उभा होता, चौकट धरून.

आणि मग यंत्र आलं. म्हणजे आधी बातमी आली. मुकादमाने दोघांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं, की पॅनेल आत सरकवायचं, बटण दाबायचं, की चारी पट्ट्या एकदम निघतात. एक माणूस पुरतो. दुसऱ्याला कंपनी आपल्या नव्या कारखान्यात पाठवणार, दूरच्या शहरात. तिथे भट्टीवर काम, राहायला खोलीही देणार.

"तर कोण थांबणार आणि कोण जाणार, ते तुम्ही दोघं आपसात बोलून ठरवा," मुकादम म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. तो खाकरला. "म्हणजे... ठरवा कसंही. यंत्र सुरू होईपर्यंत सांगा म्हणजे झालं."

दोघेही टेबलाशी परत आले. मेहुण्यांनी पॅनेल पालथं घातलं. एक ठोका. काम सुरू झालं.

जायचं कुणी, यात दाजींना कोडं असं काही नव्हतं. मेहुण्यांना बायको, शाळेत जाणारी मुलगी, भाड्याचं का होईना पण भरलेलं घर. आपल्या मागे काय, तर एक रेडिओ. जायला हवं ते आपणच. पण असं ठोके वाजवत वाजवतच निघून गेलो तर हे सगळं कायमचं बंद होईल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. टेबल होतं तोवर कधीतरी बोलू असं म्हणता येत होतं. टेबलच उचललं गेलं की मग कुठल्या तोंडाने आणि कुठे बोलायचं? जाण्याआधी त्याच्याशी बोलायचंच, ती काय म्हणाली होती ते त्याला सांगायचंच, असं दाजींनी मनाशी घट्ट ठरवलं.

ठरवणं सोपं. घरी रेडिओ बंद करून दाजी भिंतीसमोर उभे राहिले आणि वाक्य बसवू लागले. पहिल्या शब्दालाच गाडी अडली. हाक काय मारायची? 'अरे' म्हणावं तर इतक्या वर्षांनी एकदम अरे? 'अहो' म्हणावं तर बँकेतल्या माणसाशी बोलल्यासारखं. 'मेहुणे' तर सगळी शेडच म्हणते. ती त्याला 'सोन्या' म्हणायची. ते तर आपल्या तोंडी शोभणारच नाही. दाजींनी सगळे प्रकार भिंतीवर करून पाहिले. भिंतीने काही मत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन मेहुण्यांच्या बाकापाशी गेले. मेहुण्यांनी मान वर केली आणि आपला डबा थोडा बाजूला सरकवला. जागा करून द्यायला, की लांब व्हायला, ते काही कळलं नाही. दाजी टेकले. त्यांनी डबा उघडला. इतक्यात समोरून मुकादम गेला, तर दाजी त्यालाच म्हणाले, "आज ऊन फार आहे." मुकादम आभाळाकडे बघत "हो ना" म्हणाला आणि गेला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हे. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे दाजींची आई त्यांना लहानपणापासून ऐकवत आली होती, पण जन्माची खोड म्हणीने जात नाही. असे दिवसामागून दिवस गेले. यंत्राच्या पेट्या आल्या, त्या उघडल्या गेल्या, आणि यंत्र टेबलांच्या पलीकडे बोल्ट मारून उभं राहिलंसुद्धा.

यंत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात एक ट्रक लागला. कुठल्यातरी मोठ्या छपरावरची पॅनेलं काढून आणली होती, आणि ज्यांनी ती काढली त्यांनी घाई केली होती. एरवी पॅनेलं सुटी सुटी येतात. ही तारांनी एकमेकांना जोडलेलीच होती, आणि लोंबू नयेत म्हणून शेवटची दोन टोकंही एकमेकांत खोचून दिलेली होती. हे वाईट. कारण पॅनेल म्हातारं झालं, तडकलं, भंगारात निघालं, तरी उजेड पडला की ते वीज करतंच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की आता तुझं काम संपलं. एकटं असलं तर फारसं बिघडत नाही. पण अशी माळ जोडलेली असली आणि तिच्यावर ऊन पडलं, की तारांमधून माणसाला भाजून काढील इतका जोर धावत असतो. म्हणून नियम असा, की ताडपत्री घालून अंधार करायचा आणि मगच तार तोडायची.

जोखमीचं काम म्हणून मुकादमाने आपली सगळ्यांत भरवशाची जोडी पाठवली. पॅनेलं अंगणात ओळीने उताणी मांडून त्यांच्यावर ताडपत्री ओढली होती. या टोकाला दाजी, कडेवर विटा ठेवत. त्या टोकाला मेहुणे, गुडघ्यांवर बसून ताडपत्रीखाली हात घातलेले. खोचलेला जोड जुना, उन्हाने चिकटून गेलेला, सुटता सुटेना. जाड हातमोज्यांनी चाचपता येईना, म्हणून त्यांनी उजवा मोजा काढून ठेवला. मग कापायचा कटर हातात घेतला आणि ते थांबले. दाजींकडून 'माझं झालं' असा ठोका यायची ते वाट बघत होते.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. फार मोठी नव्हे. ताडपत्रीची दाजींकडची कड विटेसकट उठली, उलटली, आणि अर्धी माळ उघडी पडली. ऊन तर वर होतंच.

दाजींनी ते पाहिलं. मेहुण्यांची तिकडे पाठ होती. थांब! हे सांगायचं होतं, आणि सांगायला दाजींचा हात चौकटीवर आपटला. इतक्या वर्षांची सवय. जीभ जागची हललीच नाही, हात मात्र धावला. थांब म्हणजे दोन ठोके. पण दोन ठोके काही एकदम वाजत नाहीत. आधी एक वाजतो, मग दुसरा. मेहुण्यांनी पहिला ऐकला आणि कटर दाबला.

पांढरा लखलखाट झाला, तडतड आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास सुटला. मेहुणे मागे फेकले गेल्यासारखे पडले. तेव्हा कुठे दाजींच्या गळ्यातून आवाज फुटला. "अरे! अरे! अरे!" एवढंच ते ओरडत होते, पुन्हा पुन्हा. भट्टीच्या खोलीतून लोक धावत आले, आणि हे कोण ओरडतंय म्हणून आधी दाजींकडेच बघत राहिले. दाजींचा मोठा आवाज त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकलेलाच नव्हता.

दवाखान्यात मेहुण्यांच्या उजव्या तळव्याला जाड पट्ट्या बांधल्या, आणि लखलखाटाने डोळे सुजले होते म्हणून दोन्ही डोळ्यांवर मऊ कापूस ठेवून तेही बांधले. डोळे वाचले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चार दिवस उजेड बघायचा नाही इतकंच. हाताला मात्र वेळ लागेल. मुकादम जमेल तेवढी धावपळ करून परत गेला. मेहुण्यांची बायको मुलीला शेजारी ठेवायला घरी गेली होती. खाटेजवळच्या स्टुलावर दाजी येऊन बसले. दारातून आत येऊन बसेपर्यंत त्यांनी पायांचाही आवाज केला नव्हता.

बराच वेळ तसाच गेला. मग मेहुणे म्हणाले, "दाजी, तुम्हीच ना?"

दाजी दचकले. "कसं ओळखलंस?"

"दुसरं कुणी इतका वेळ गप्प बसू शकत नाही."

ही थट्टा आहे की काय आहे, ते दाजींना कळेना. डोळे बांधलेल्या चेहऱ्यावरून काही समजतही नाही. ते 'दाजी' तेवढं त्यांच्या कानांत राहिलं.

"ओरडायचं होतंत," मेहुणे म्हणाले.

"ठोकलं होतं मी. दुसरा ठोका मारणारच होतो—"

"ठोक्याचं काय घेऊन बसलात!" मेहुण्यांचा आवाज चढला. "माणसाला तोंड कशाला दिलंय? आज हातावर निभावलं. आणि आजचंच कशाला? तेव्हाही होतं की तोंड. ताई तापानं पडलेली आणि तुम्ही गप्प. मी विचारतोय, पाया पडायचा बाकी राहिलो, आणि तुम्ही गप्प!"

"तिनंच नको म्हटलं होतं," दाजी म्हणाले.

ते असे सहज निघून गेले शब्द. भिंतीसमोर उभं राहून बसवलेलं वाक्य वेगळंच होतं, लांबलचक आणि व्यवस्थित. हे भलतंच, उघडंवाघडं बाहेर पडलं.

"काय नको म्हटलं?"

"तुला कळवायला. तुझ्या घरी बाळंतपण होतं ना. म्हणाली, त्याच्या जिवाला घोर नको. बरी झाले की मीच जाऊन त्याचा कान धरते, म्हणाली."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता, त्याचं कण्हणंच तेवढं ऐकू येत राहिलं.

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"ती गेलेली. तिच्यावर कसं ढकलू?"

"ढकलायचं होतंत!" मेहुणे एकदम म्हणाले. "मी तिच्यावर चिडलो असतो. मनातल्या मनात भांडलो असतो तिच्याशी, कोण तू ठरवणारी म्हणून. आम्ही लहानपणापासून भांडतच आलो, दाजी. ते शेवटचं भांडण माझं होतं. तेवढंही तुम्ही मला ठेवलं नाहीत. सगळं एकट्यानं गिळून बसलात."

आपण तिला सांभाळलं असं दाजींना इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यात आपण दुसऱ्या कुणाचं काही काढून घेतलं असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. मेहुण्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बायको आली, "दाजी, बसा ना" म्हणाली, पण दाजी उठले. ते दवाखान्यातून निघाले ते पायीच कारखान्यात गेले. सगळा रस्ता त्यांना 'ते शेवटचं भांडण माझं होतं' हे एकच वाक्य ऐकू येत होतं.

मुकादम यंत्रापाशी उभा होता. दाजी म्हणाले, "मी जातो त्या दुसऱ्या गावाला. त्याला इथं ठेवा. बटण काय, डाव्या हातानंही दाबता येतं."

"आपसात ठरलं?"

"ठरलं," दाजी म्हणाले. ही चक्क थाप होती, आणि ती त्यांनी अगदी न अडखळता मारली.

मेहुणे दवाखान्यातून घरी आले, तरी दाजींची पावलं काही त्यांच्या दाराकडे वळली नाहीत. जाऊन म्हणायचं काय? सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि सांगून भलतंच झालं होतं. त्यांनी घर आवरलं. दोन खोल्यांचा संसार एका ट्रंकेत आणि एका वळकटीत मावला, याचं त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. तिच्या साड्या त्यांनी मेहुण्यांच्या बायकोकडे शेजारणीच्या हाती पाठवून दिल्या. रेडिओ सोबत घेतला.

सकाळच्या गाडीला गर्दी नव्हती. दाजी सामान चढवून खाली उभे होते, तर रस्त्याच्या पलीकडून मेहुणे येताना दिसले. उजवा हात गळ्यात बांधलेला, डोळ्यांना काळा चष्मा. एकटेच होते. ते येऊन शेजारी उभे राहिले. दोघेही गाडीकडे बघत राहिले, जशी काही ती गाडी पहिल्यांदाच बघत होते. मेहुण्यांनी डाव्या हाताने वळकटीची गाठ ओढून पाहिली, सैल वाटली म्हणून दातात धरून घट्ट केली. दाजींनी "राहू दे, राहू दे" म्हटलं. ड्रायव्हर चढला, कंडक्टरने घंटी मारली. दाजी पायरीवर चढले.

"पोचलात की कळवा," मेहुणे म्हणाले.

साधं बोलणं. गाडीला बसणाऱ्या कुणालाही घरचं माणूस हेच म्हणतं. म्हणणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. दाजींनी मान हलवली. मग मान हलवून भागायचं नाही असं त्यांना वाटलं आणि ते म्हणाले, "कळवतो." मोठ्याने म्हणाले. दोन बायकांनी वळून पाहिलं.

गाडी दिवसभर चालली. खिडकीतून ओळखीचं काही दिसेनासं झालं, मग दुकानांच्या पाट्याही अनोळखी झाल्या. दाजींनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणी वाट बघणारं नसलेल्या गावी पाऊल टाकलं. कंपनीच्या माणसाने किल्ली दिली, खोली दाखवली आणि तो घाईने गेला. खोलीत एक खाट, एक खुर्ची, भिंतीला खिळे. आधीच्या माणसाच्या कपड्यांचा वास अजून कोपऱ्यात होता. खालच्या गल्लीत मुलं खेळत होती, त्यांचं ओरडणं वर येत होतं, पण त्यात दाजींना हाक मारणारं कुणी नव्हतं. ट्रंक न उघडताच ते खाटेवर टेकले. रेडिओ काढला, पण लावला नाही. इतकं एकटं त्यांना बायको गेली त्या दिवसांतसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा समोर निदान रागावलेलं एक माणूस होतं.

मेहुण्यांचा नंबर फोनमध्ये होता, पण त्यावर बोट कधी ठेवलेलं नव्हतं. दाजींनी तो लावला. पहिलीच घंटी पुरी व्हायच्या आत पलीकडून उचलला गेला.

"पोचलो," दाजी म्हणाले.

"बरं. त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"खोली कशी आहे?"

"बरी आहे. खिडकी आहे."

"जेवलात?"

"नाही अजून."

मग दोघेही गप्प. पण फोनवरचं गप्प बसणं वेगळं असतं. तिथे चौकट नसते, हातांना काही काम नसतं. माणूस बोलला नाही तर तो आहे की नाही तेही कळत नाही. दाजींनी एकदा फोन कानापासून दूर धरून पाहिला, की लागलेला आहे ना.

"दाजी."

"हं."

"आता सांगा."

"काय?"

"सगळं. ताप आला तिथपासून. काय म्हणाली, काय खाल्लं, कुणाला हाक मारली. माझं नाव घेतलं का, तेही. काही गाळू नका. मी बाहेर पायरीवर येऊन बसलोय."

दाजींनी चपला काढल्या, पाय वर घेतले, भिंतीला पाठ टेकली. कुठून सुरुवात करावी ते कळेना. मग त्यांना तिचा आवाजच आठवला, आणि ते तिच्याच शब्दांत सांगू लागले.

"सकाळी उठली तर म्हणाली, अंगात कणकण आहे. मी म्हटलं, पड तू, चहा मी करतो. तर म्हणाली, नको, तुमच्या हातचा चहा पिऊन जास्त आजारी पडेन."

पलीकडे मेहुणे हसले. खरंच हसले, अगदी खळखळून, आणि हसता हसताच त्यांचा आवाज मोडला. दाजी बोलायचे थांबले.

"थांबू नका," मेहुणे म्हणाले. "पुढं सांगा."